थरारपटाची पहिली दोन मिनिटं

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आठवणी पंगतीत निघतीलच, त्यामुळे मी त्यांच्यात शिरत नाही. मी चित्रपट संकलनाचं काम करतो, म्हणून संयोजकांनी माझ्याकडे वेगळा विषय दिला आहे. आपल्या शाळेतली नववीची सात मुलं मोबाइलवर एक छोटा थरारपट करताहेत. त्याची सुरुवातीची दोन मिनिटं आज जेवणानंतर आपल्याला दाखवणार आहेत. ती बघण्याआधी दोन गोष्टी सांगतो.

थरारपटाची सुरुवात कशी असते, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. १९६४ सालचा राज खोसलांचा ‘वो कौन थी?’ आपल्यातल्या अनेकांनी पाहिला असेल. पावसाळी रात्र, एकटी गाडी, रस्त्यात उभी असलेली पांढऱ्या साडीतली बाई. ती गाडीत बसते, काचेवरचा वायपर बंद पडतो, आणि ती उतरते कब्रस्तानापाशी. पुढे कितीतरी चित्रपटांनी हा माल वापरला. वापरणारच, कारण तो चालतो. रात्र आणि पाऊस दिसला की प्रेक्षक सावरून बसतो, त्याला वेगळं काही सांगावं लागत नाही. दोन मिनिटांच्या कामात ही मोठी सोय आहे.

पण त्याच १९६४ साली आपल्या मराठीत राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ आला. त्यातली खरी धास्ती कोर्टात आहे. मेलेल्या पत्नीच्या चेहऱ्याची बाई समोर उभी राहते आणि मीच तुमची बायको म्हणते. अंधार नाही, भूत नाही, साक्षीपुरावे चालू आहेत, तरी पोटात गोळा येतो. खोसलांनाही ते इतकं पटलं, की १९६६ साली त्यांनी त्यावरच ‘मेरा साया’ केला. अलीकडचं उदाहरण म्हणजे श्रीराम राघवन यांचा २०१८ चा ‘अंधाधुन’. गोष्ट पुण्यातली, आंधळ्या पियानोवादकाची. पण सुरुवातीला दिसतो कोबीच्या शेतातला एक ससा आणि बंदूक घेऊन त्याच्या मागे लागलेला माणूस. हे काय चाललंय, असं वाटतं. ससा तिथे का होता, ते शेवटी कळतं.

आता आपल्या मुलांकडे येऊ. त्यांनी पहिल्यांदा लिहून आणलेली सुरुवात अशी होती : रात्र, धो धो पाऊस, नदीवरचा जुना पूल, एक मोटारसायकल बंद पडते, आणि पाण्यातून एक हात वर येतो. बाकी कुठल्या गावच्या मुलांनी हे आणलं असतं, तर मी म्हटलं असतं, ठीक आहे, करा. पण हे महाड आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला आणि दोन एसटी गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. २०१८ च्या जुलैत पोलादपूरच्या वरच्या अंगाला आंबेनळी घाटात बस दरीत गेली. २०२१ च्या जुलैत बाजारपेठ पाण्यात होती आणि तळिये गावावर डोंगर आला. मुंबईच्या प्रेक्षकाला पाऊस आणि पूल ही सजावट वाटेल. इथे प्रेक्षागृहात कोण बसलंय, त्याच्या घरातलं कोण त्या रात्री प्रवासात होतं, आपल्याला माहीत नसतं.

मी मुलांना एवढंच विचारलं, “तुमच्या घरी भीती कशी दिसते?” बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक मुलगी म्हणाली, “काका, आमची आजी पाऊस नसला तरी तांदळाचा डबा माळ्यावर चढवून ठेवते.” दुसरा म्हणाला, “आमच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ आहे. बाबांनी तिच्यावर पेन्सिलीनं तारीख लिहिलीय.”

तिथून नवी सुरुवात तयार झाली. लख्ख ऊन. आजी एकेक डबा माळ्यावर नेतेय. शेजारीण हसते, “अहो, आभाळात ढग तरी आहे का?” नातू भिंतीशी येतो. जुन्या पुराची रेघ, शेजारी तारीख. तिच्या वीतभर वर दुसरी रेघ, ओली. तिच्याजवळही तारीख आहे, आणि ती अजून यायची आहे. बस, इथे नाव येतं.

मुलांनी सगळंच मोडलं असं नाही. रेघ काढणाऱ्याचा फक्त हात दिसतो, चेहरा नाही. ही जुनी युक्ती त्यांनी ठेवली, कारण तिच्यामुळे प्रश्न उभा राहतो. रात्र, पाऊस आणि छातीत धडकी भरवणारं संगीत त्यांनी काढून टाकलं. आवाज आहे तो डब्याच्या झाकणाचा आणि लांबून येणाऱ्या एसटीच्या हॉर्नचा. संगीत काढताना फार वाद झाला. दोघं रुसून घरी गेले, दुसऱ्या दिवशी आले. शेवटी त्यांनी दोन्ही आवृत्त्या आजीला दाखवल्या. संगीत असलेली बघून आजी म्हणाली, “छान आहे.” नसलेली बघून ती काहीच बोलली नाही, उठून भिंतीकडे गेली. मुलांनी तीच ठेवली.

आपल्याला एकच विनंती करतो. पुढच्या भागासाठी मुलांना जुनी घरं हवी आहेत. ज्यांच्या भिंतीवर पुराची रेघ अजून शिल्लक असेल, त्यांनी रंग काढायच्या आधी मुलांना एकदा बोलवा. त्यांना चित्रीकरण करू द्या, आणि त्या रात्री काय काय झालं तेही सांगा.