नाताळच्या मोज्याचे वाळवण
(रेडिओवरील भाषण)



नाताळ तोंडावर आला आहे. आपल्या शहरात गुलमंडीपासून पैठण गेटापर्यंतच्या दुकानांतून तांबडे मोजे, चमकीच्या चांदण्या आणि पांढऱ्या दाढीचे सांताक्लॉज लोंबू लागले आहेत, आणि अशा वेळी साध्या, कोऱ्या मोज्याचे निसर्गदत्त वस्तूंनी अलंकरण कसे करावे हा विषय मजकडे सोपवून त्यासाठी मोजकी मिनिटे मुक्रर करण्यात आली आहेत. मोजा कसा बेतावा व कसा शिवावा, हे सांगण्यात ती मिनिटे मी दवडणार नाही. मांजरपाटाचे दोन तुकडे पावलाच्या आकारात कापून उलट्या बाजूने टीप मारणे ज्यांना येत नाही, अशा घरांत हे भाषण बहुधा कोणी ऐकत नसेल. माझे सांगणे एकच आहे, आणि पुढे अवकाश उरेल याची शाश्वती नसल्यामुळे ते आरंभीच नमूद करून ठेवते : मोज्याला जे काही लावायचे असेल ते आधी वाळवा, पुरते वाळवा, आणि मगच सुईदोरा हाती घ्या.

हे इतके आग्रहाने सांगण्याचे कारण असे की, घाई हा आपल्या हौसेचा स्थायीभाव झाला आहे. औरंगपुऱ्याच्या मंडईत सकाळी भाजी घेता घेता कोणाच्या मनात येते की यंदा बाजारची चमकी नको, आपल्या मातीतले काही लावू. मग वाटेतल्या अशोकाची चार हिरवी पाने, शेवंतीची दोन फुले आणि मोसंबीची एक ओली चकती घरी येते, दुपारी ती डिंकाने चिकटवली जाते, संध्याकाळी मोजा खिडकीला टांगला जातो आणि शेजारीपाजारी कौतुकही होते. तिसऱ्या दिवशी पाने मुरडतात, फुले तपकिरी पडतात, चकतीवर राखाडी लव उगवते, मुंग्यांची रांग खिडकीच्या चौकटीवरून खाली उतरते, आणि मग घरातले वडीलधारे निर्णय देऊन मोकळे होतात की निसर्गापेक्षा प्लॅस्टिक बरे. दोष निसर्गाचा नव्हता. त्याला चार उन्हे दाखवण्याचा धीर आपल्यापाशी नव्हता.

ज्या माताभगिनी दर उन्हाळ्यात गच्चीवर पापड घालतात त्यांना मी निराळे काय सांगणार? पापड लाटून झाला म्हणजे पापड झाला, असे कोणी समजत नाही. जुन्या धोतरावर तो पसरायचा, वरची बाजू आकसली की उलटायचा, कडा वर वळू लागल्या की उचलून एकावर एक रचून त्यावर जड पाट ठेवायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाऱ्यावर टाकायचा, आणि हे चालू असताना कावळ्यांचा व कावळ्यांहून धीट अशा घरच्या पोरांचा बंदोबस्त ठेवायचा. इतके सोपस्कार झाल्यावर एक पापड हातात घेऊन मोडून पाहायचा. कट्‌ असा आवाज आला तर डब्यात, वाकला तर पुन्हा धोतरावर. ज्या गृहिणीने घाईगर्दीत एखादा लवचीक पापड डब्यात सारला, तिला पावसाळ्यात झाकण उघडताच येणारा वास त्या एका पापडाचा नसतो, सबंध डब्याचा असतो. मोज्याची गत हीच. एक ओलसर चकती खालच्या कापडाला डाग पाडते, डागाला बुरशी धरते, आणि आत ठेवलेल्या करंज्यांनाही तिचा वास लागतो.

शिवाय पापडापापडांतही भेद असतो. तांदळाचा पापड कडक उन्हात पडून राहिला तरी कुरकुर करीत नाही. उडदाचा मात्र तडकतो, म्हणून जाणत्या बायका त्याला सावलीत वाळवतात. मोज्याच्या सामानातही अशी दोन गोत्रे आहेत. पाने आणि फुले हे उडदाचे गोत्र : ती उन्हात टाकलीत तर रंग उडतो, म्हणून जुन्या वर्तमानपत्रांच्या घडीत, वर वजन ठेवून, सावलीतच वाळवावीत, आणि कागद ओलसर लागला की बदलावा. बोंडे, शेंगा, मक्याच्या कणसाची साल, मोसंबीच्या चकत्या हे तांदळाचे गोत्र : त्यांना सकाळी दव ओसरल्यावर गच्चीवर न्यावे, कावळ्यांसाठी वरून विरळ फडके घालावे आणि दिवस कलण्यापूर्वी घरात घ्यावे, कारण डिसेंबरातले आपल्याकडचे ऊन कोरडे आणि इमानी असले तरी रात्री दव पडते, आणि दिवसभर कमावलेले सगळे एका रात्रीत गमावले जाते. चकती पातळ कापा. बोटाला चिकटते तोवर ती ओली आहे असे समजा. एका उन्हात ती वाळत नाही. वाळली असे तिने नुसते दाखवले, तर फसू नका.

आता कोणी म्हणेल की हा मोजा मुळात परदेशी, त्याला आमच्या वाळवणाचे शास्त्र कशाला? तर मोज्याची आख्यायिका तरी नीट आठवा. चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानात असलेल्या मायरा नगरीचे बिशप संत निकोलस यांनी एका निर्धन पित्याच्या तीन मुलींच्या लग्नासाठी रात्री गुपचूप सोने टाकले, आणि ते चुलाण्यापाशी टांगलेल्या मोज्यांत पडले, असे परंपरा सांगते. ते मोजे तिथे शोभेसाठी टांगलेले नव्हते. धुऊन वाळत घातलेले होते! त्या सोन्याची खूण म्हणून इंग्रजी घरांत मोज्याच्या टोकाशी संत्रे ठेवण्याचा शिरस्ता पडला, असे सांगतात. आपल्याकडे जालन्याची मोसंबी असताना संत्र्यासाठी कोणाच्या तोंडाकडे पाहण्याची गरज नाही.

आपल्याकडे तर या हंगामात सामानाची ददात नाहीच. डिसेंबरात कापसाची वेचणी चालू असते, आणि वेचून झालेल्या बोंडाचे रिकामे टरफल, चारपाच पाकळ्यांचे, आतून फिकट व बाहेरून काळपट, टोके किंचित मागे वळलेली, ही बेथलेहेमची चांदणी म्हणून मोज्याच्या काठावर शिवली तर बाजारच्या कुठल्याही चमकीला खाली मान घालावी लागेल. कापसासकट फुटलेले बोंड लावलेत तर हिमाची हौसही भागते. आपल्या मराठवाड्यात हिम पडायचे ते असेच, झाडावर आणि शेतकऱ्याच्या घामाने. मात्र येथे माझ्या मूळ मुद्द्याकडे मला पुन्हा यावे लागते. बोंडात गुलाबी बोंडअळी दडून राहते, दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या आत ती सुप्तावस्थेत मुक्काम करते, आणि म्हणूनच कृषी खाते रयतेला फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावर त्याच झाडांवर धरलेले पीक, घेऊ नका, पऱ्हाटी शेतात उभी ठेवू नका असे वारंवार बजावत असते. ती पाहुणी आपण हौसेने दिवाणखान्यात आणून टांगावी काय? तेव्हा प्रत्येक बोंड उलगडून पाहा, बारीक भोक असलेले बाजूला काढून जाळून टाका, आणि उरलेली कडक उन्हात वाळवा. वैजापूर, गंगापूरकडून बाजरीचे कणीस मिळाले तर तेही सुरेख दिसते, पण दाणे झोडून घेतलेले लावा, नाहीतर मोज्याचे मालक उंदीर होतील. चिंचोके, रिठे, मसाल्याच्या डब्यातले चक्रीफूल आणि दालचिनीचा तुकडा यांविषयी विस्ताराने सांगत नाही. चक्रीफूल आधीच वाळलेले असते एवढे ध्यानात ठेवा.

एका बाबतीत मात्र मी रागावूनच बोलणार आहे. तांबडा आणि काळा रंग पाहून पुष्कळजण मोज्याला गुंजा लावतात. सोनाराच्या तराजूत तिला मान होता हे खरे, परंतु गुंज जहाल विषारी आहे, आणि ओवण्यासाठी भोक पाडलेली गुंज अखंड गुंजेपेक्षा अधिक घातक, कारण तिचे कठीण कवच आपणच फोडलेले असते. एरंडाच्या नक्षीदार बियाही तशाच. मोजा हा मुलांच्या हाती जाणारा, मुलांच्या तोंडी जाणारा जिन्नस आहे, हे भान सुटता कामा नये. दौलताबादच्या सीताफळांच्या काळ्या चकचकीत बिया जपून ठेवण्याचा मोह मलाही होतो, पण त्यांना छिद्र पाडताना उडणारी पूड डोळ्यांना इजा करते. तेव्हा त्यांचा नाद सोडावा हे उत्तम.

आता टाक्याविषयी. डिंक व सरस यांवर माझा विश्वास नाही. जाड दोरा दुहेरी घ्यावा, मांजरपाटाच्या आतल्या अंगाला लहानसे ठिगळ लावावे, आणि बोंड किंवा दालचिनी त्या ठिगळासकट आडव्या टाक्यांनी बांधून टाकावी. जड वस्तू वरच्या काठाशी, हलक्या खाली पावलाकडे. कापड ताठ करायचे असेल तर घोंगडीला लावतात ती चिंचोक्याची खळ पातळ करून लावावी. पुस्तकबांधणी करणारे खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात, ते येथे अजिबात घालू नये, तेही विषच. आणि खळ लावल्यावर मोज्याचे काय करावे, हे एव्हाना श्रोत्यांनी ओळखले असेलच.

हे सारे गावंढळ दिसेल अशी भीती कोणी बाळगू नये. जालन्याजवळ बेथेलची ख्रिस्ती वसाहत वसवणारे नारायण शेषाद्री काय किंवा भजनकीर्तनाला आणि अभंगाला ख्रिस्ती उपासनेत मानाचे स्थान मिळवून देणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक काय, या मंडळींनी आपला धर्म या मातीत रुजवण्याची तजवीज कधीच करून ठेवली आहे. मराठी ख्रिस्ती घरांत नाताळाला करंज्या, लाडू, शंकरपाळे होतात आणि त्यांत कोणाला विसंगती दिसत नाही. मग मोज्यानेच तेवढे परक्या देशातल्या सूचिपर्णी फांद्यांची प्लॅस्टिकची नक्कल अंगावर का मिरवावी? थर्माकोलच्या सजावटीला राज्य शासनाने २०१८ मध्ये बंदी केली. पण सरकारी हुकुमाने रुची बदलत नाही, ती बदलायला… असो, निवेदकांनी बोट वर केले आहे.

रंगाविषयी बोलायचे राहून जाते आहे, ते निदान सुरू तरी करते. मोजा तांबडाच हवा असा मुलांचा हट्ट असेल तर करडईच्या वाळलेल्या पाकळ्या घ्या, म्हणजे आपला जुना कुसुंबा. पाकळ्या फडक्यात बांधून गार पाण्यात चुरत राहा, पिवळा रंग निघून जाईल, तो ओतून द्या. पाणी स्वच्छ निघेपर्यंत हे करावे लागते, कंटाळू नका. नंतर त्याच पाकळ्या पापडखाराच्या पाण्यात भिजवल्या की आत लपलेला तांबडा रंग सुटतो, त्यात मोजा बुडवून वरून लिंबू पिळायचे, आणि लिंबू पिळताच तो रंग कापडावर बसू लागतो. तो उन्हात विटतो, एवढे मात्र लक्षात असू द्या. म्हणून रंगवलेला मोजाही पानाफुलांसारखा सावलीतच वाळवा, उडदाच्या पापडाप्रमाणे… हळद आणि चुना मिळूनही लाल रंग होतो, पण तो टिकत नाही, त्याचे कारण असे की… वेळ संपली असे मला सांगण्यात येत आहे. मोसंबी आजच चिरून ठेवा.