एकांत आणि कोणाच्या हातचं पाणी

मी बोलतोय दिंद्रुडहून, बीड जिल्हा. कोणी रानात पाणी देता देता ऐकत असाल, कोणी एसटीत. आज विषय आहे एकांताचा. स्वतःहून न मागितलेल्या एकांताचा.

आमच्याकडं दिवाळी झाली की गाव अर्धं होतं. मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या साखर कारखान्यांवर ऊसतोडीला जातात. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, मागं राहतात म्हातारी माणसं आणि शिकणारी लेकरं. माझे आई-बाबाही दरसाल जातात. रविवारची प्रार्थना आमच्याच घरात असते. एरवी पाच-सहा कुटुंबं जमतात. हंगामात फक्त मी आणि आज्जी. पेटी वाजवणारा भाऊसुद्धा कारखान्यावर.

अशा दिवसांत प्रश्न पडतो, हा एकांत आहे की नुसता एकटेपणा? यातून आपण विश्वासात वाढतोय हे ओळखायचं कसं?

रील्समध्ये एकांत लई देखणा दिसतो. डोंगर, धुकं, हातात कॉफी. पवित्र शास्त्रातला एलिया मात्र जिवाच्या भीतीनं रानात पळाला होता आणि झुडपाखाली बसून मरण मागत होता. देवानं त्याला आधी झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं. उपदेश केला नाही. पुढं होरेब डोंगरावर अगदी मंद वाणीत त्याच्याशी बोलला, आणि काम देऊन परत पाठवलं.

मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय बघा. येशू पहाटे अंधारातच उठून एकांतात प्रार्थनेला जातो. शिष्य शोधत येतात. तिथून तो थेट आसपासच्या गावांत जातो. आणि त्याच अध्यायाच्या शेवटी, ज्याला कोणी शिवत नव्हतं त्या कुष्ठरोग्याला हात लावतो. एकांत पहाटे, स्पर्श नंतर. हा क्रम ध्यानात ठेवा.

हाच क्रम आपल्या मराठी मातीतल्या एका बाईच्या आयुष्यात दिसतो. लक्ष्मीबाई टिळक. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या. त्यांचं बालपण कडक सोवळ्यात गेलं. वडील असे, की बाजारातून आणलेल्या वस्तूही धुऊन घ्यायच्या. अकराव्या वर्षी लग्न झालं. आणि 1895 साली पती नारायण वामन टिळक यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पतीची वाट वेगळी, पदरात लहानगा दत्तू, आणि लोक बोलायला मोकळे. पुढची काही वर्षं त्या पतीपासून दूर राहिल्या, त्यातला बराच काळ पंढरपुरात. विचार करा, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची बाई. हा एकांत तिनं निवडला नव्हता.

पुढं त्या टिळकांकडं आल्या, तरी लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. सोवळं चालूच, स्वयंपाक वेगळा. टिळकांनी घाई केली नाही. राहुरीला असताना मात्र त्यांच्या मनानं एक गाठ सोडवली. जाती देवानं केल्या की माणसानं? माणसानं केल्या असतील, तर यापुढं कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं, असं त्यांनी ठरवलं. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली. पुढं त्यांच्याच घरात किती तरी निराधार लेकरं वाढली.

मला यातून एकच गोष्ट कळते. एकांतात किती अध्याय वाचले, किती तास गुडघे टेकले, हे वाढीचं माप नाही. एकांतातून उठल्यावर आपण कोणाच्या हातचं पाणी पिऊ शकतो, हे माप आहे.

माझंच सांगतो. आमच्या शेजारच्या आजोबांचं आणि आमचं बांधावरून कित्येक वर्षं बोलणं बंद. गेल्या हंगामात त्यांचीही पोरं कारखान्यावर गेलेली. मी पहाटे प्रार्थनेला बसलो की आधी तोच बांध डोळ्यांपुढं यायचा. आठ दिवस आला. नवव्या दिवशी मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. काय बोलावं कळेना. त्यांनीच विचारलं, "च्या घेतो का?" घेतला. बांधाचा निकाल अजून लागलेला नाही. पण आता त्यांच्या मुलाला व्हिडिओ कॉल मीच लावून देतो.

तर मंडळी, या आठवड्यात एवढं करा. उठल्यावर मोबाईलचं नेट चालू करायच्या आधी पंधरा मिनिटं गप्प बसा. मार्क, अध्याय पहिला. मनात राग आला, रडू आलं, तर येऊ द्या, तेच देवापुढं ठेवा. आणि उठताना एक नाव घेऊन उठा. त्या दिवशी त्या माणसाकडं जायचं, नाहीतर निदान फोन करायचा.

आणि एक सांगतो. एकटेपणा जिवावर उठत असेल, झोप-जेवण सुटलं असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी कोणाशी तरी बोला. टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, मराठीतूनही बोलता येतं. मदत मागणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे. एलियालाही आधी भाकरच मिळाली होती.

तुमच्या मनात आत्ता कोणाचं नाव आलं? मग हे बंद करा आणि त्यांना फोन लावा. प्रभू तुमच्यासोबत असो.