पावसाळ्यापूर्वी शेळ्यांची काळजी

(वाशी येथील शेळीपालकांपुढे केलेले भाषण)



जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले, तरी आपल्या शेळीची जात उस्मानाबादी म्हणूनच ओळखली जाते. ती काटक आहे, बाभळीच्या पाल्यावरही तग धरते, पुष्कळदा जुळी देते. परंतु ‘शेळीला काही होत नाही’ हा समज घातक आहे.

पावसाळ्याच्या प्रारंभी माळावर कोवळे गवत उगवते. उन्हाळाभर अर्धपोटी राहिलेली शेळी त्यावर तुटून पडते. आहारातील या अचानक बदलामुळे आतड्यात मुळातच असलेले जंतू बेसुमार वाढून विष निर्माण करतात. हाच आंत्रविषार. दुःखाची गोष्ट अशी की, यात बहुधा कळपातील सर्वांत धष्टपुष्ट करडूच बळी पडते. संध्याकाळी उड्या मारणारे पिल्लू सकाळी मेलेले आढळते आणि घरची माणसे दृष्ट लागली असे समजतात. उपचारास अवधीच मिळत नसल्याने मे महिन्यातच लस टोचून घ्यावी. प्रथमच टोचत असल्यास सुमारे दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा द्यावीच लागते. नेमकी तीच अनेकांकडून राहते. पहिल्या पावसानंतर काही दिवस कोरडा चारा खाऊ घालूनच शेळ्या चरावयास सोडाव्यात.

दुसरा रोग पीपीआर. ताप, नाकाडोळ्यांतून स्राव, तोंडात व्रण व हगवण ही त्याची लक्षणे. तो गुरांच्या बुळकांडीचा भाऊबंद होय. बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले, त्यात लसीचा वाटा मोठा होता. पीपीआरची लस एकदा टोचली की सुमारे तीन वर्षे संरक्षण मिळते. बाजारातून आणलेली शेळी मात्र तीन आठवडे कळपापासून दूर बांधावी.