रोगी आणि रोग : डॉक्टर वाइल्डर पेनफील्ड यांचे कार्य
(जुबिलीनिमित्त दिलेले भाषण)



आपण ज्यास फेफरे किंवा मिरगी म्हणतो, त्या अपस्माराविषयी चारचौघांत बोलण्यास आपण फारसे धजत नाही. घरात कोणास झटका आला, की कोणी कांदा हुंगवितो, कोणी वहाण नाकाशी धरतो. आणि मुलगी उपवर असली तर ती गोष्ट भिंतीबाहेर जाऊ दिली जात नाही. या रोगाच्या अभ्यासास ज्यांनी आपले आयुष्य वाहिले, त्या डॉक्टर वाइल्डर पेनफील्ड या शस्त्रवैद्यांचा परिचय करून देण्याचे मी आज योजिले आहे.

पेनफील्ड यांचा जन्म १८९१ साली अमेरिकेतील स्पोकेन या शहरी झाला. ऑक्सफर्ड येथे सर चार्ल्स शेरिंग्टन यांच्यापाशी त्यांस मज्जासंस्थेच्या अभ्यासाची गोडी लागली. १९२८ साली ते कॅनडातील माँट्रियल शहरी आले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांची कसोटी पाहणारा प्रसंग ओढवला. त्यांची सख्खी बहीण रूथ हिच्या मेंदूत मोठी गाठ असल्याचे आढळले. शस्त्रक्रिया त्यांनी स्वतःच केली. परंतु गाठ समूळ निघाली नाही. पुढे एके दिवशी रूथने घरच्या माणसांसाठी व एका पाहुण्यासाठी जेवण योजिले. ती संसारात मुरलेली गृहिणी. तरी कोणता पदार्थ आधी करावा व कोणता मागून, हेच तिला उमजेना. हे भावाने पाहिले, आणि मेंदूचा पुढील भाग कोणते काम करितो याचा पुरावा म्हणून नोंदूनही ठेविले. १९३१ साली रूथ निवर्तली. पेनफील्ड यांनी मात्र हाती घेतलेले काम सोडिले नाही. शस्त्रवैद्य, चिकित्सक व संशोधक यांनी एका छपराखाली काम करावे, या हेतूने रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने त्यांनी १९३४ साली माँट्रियल येथे मज्जासंस्थेच्या रोगांसाठी खास संस्था उघडली.

त्यांची पद्धत ऐकून आपणांस नवल वाटेल. मेंदूस स्वतःची वेदना नसते. म्हणून केवळ डोक्याची त्वचा बधिर करून, रोगी पूर्ण जागा असता, ते कवटी उघडीत. मग विजेच्या अतिसौम्य प्रवाहाने मेंदूस ठिकठिकाणी स्पर्श करून ते रोग्यास विचारीत, 'आता काय वाटले?' कोठे बोट हाले, कोठे जीभ अडखळे. त्या त्या जागी ते अंकाची चिठ्ठी ठेवीत. याप्रमाणे वाचेचे व हालचालीचे स्थान सांभाळून, झटके जेथे उगम पावतात तेवढाच भाग ते काढीत. मेंदूचा जो नकाशा आज विद्यार्थी पाहतात, त्याचा पाया असा रोग्यांच्या उत्तरांवर रचिला गेला. कानशिलामागील भागास स्पर्श केला असता कोणास जुने गाणे ऐकू येई, तर कोणास आईची हाक. मात्र असे अनुभव ५२० रोग्यांपैकी केवळ ४० जणांस आले, हेही त्यांनी १९६३ साली प्रांजळपणे प्रसिद्ध केले.

यातील एक गोष्ट विशेष मननीय आहे. विजेच्या स्पर्शाने हात हाले, तेव्हा रोगी म्हणे की हा मी हालविला नाही, तुम्ही हालविला. मेंदूच्या साहाय्याने मनाचा सर्व उलगडा होईल, अशा आशेने पेनफील्ड यांनी आयुष्यभर यत्न केला. परंतु निश्चय किंवा श्रद्धा उत्पन्न करणारी जागा त्यांस कोठेच सापडली नाही, आणि १९७५ साली, मृत्यूपूर्वी एक वर्ष, मन हे मेंदूहून वेगळे असावे असे मत त्यांनी ग्रंथरूपाने मांडिले. सर्व शास्त्रज्ञांस ते मान्य नाही, आणि शस्त्राच्या टोकाने आत्मा सिद्ध होत नाही, हे आपणही ध्यानी ठेवावे. तथापि एवढे खरे, की रोग मेंदूत होता आणि 'तो मी नव्हे' असे म्हणणारा माणूस रोगाहून निराळा होता.

या विद्येचा दिवा आपल्या देशातही पोहोचला. केरळातील डॉक्टर जेकब चँडी हे पेनफील्ड यांच्यापाशी शिकले, आणि १९४९ साली त्यांनी वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात भारतातील मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पहिला विभाग सुरू केला.

बंधुभगिनींनो, आज योग्य औषध नियमित घेतल्यास दहांपैकी सुमारे सात रोग्यांचे झटके थांबू शकतात. शस्त्रक्रियेची गरज थोड्यांनाच पडते. झटका आला असता रोग्यास कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, आणि झटका पाच मिनिटांत न थांबल्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे. शुभवर्तमानातील त्या पित्याने झटके येणारा आपला पुत्र घरात लपविला नाही; भर गर्दीतून त्यास पुढे आणिले. आपल्यापैकी ज्यांच्या घरी असा पुत्र वा अशी कन्या असेल, त्यांनी त्या पित्याप्रमाणे करावे. आणि शेजाऱ्यांनी त्यांस वाट करून द्यावी, एवढीच माझी विनंती आहे.