प्रकाशाला वाट, विजेलाही वाट

खिडकीची काच प्रकाश आत येऊ देते, पण वीज वाहून नेत नाही. तांब्याची तार वीज वाहून नेते, पण तिच्यातून पलीकडचे दिसत नाही. हे दोन गुण एका पदार्थात सहसा नांदत नाहीत. सूर्यघटाची अडचण नेमकी येथेच आहे. त्याच्या एका विद्युदग्राने ऊन आत सोडावयाचे आणि तेथे उत्पन्न झालेली वीज बाहेरही आणावयाची!

सेंद्रिय सूर्यघटात हे काम बहुधा इंडियम व कथिल यांच्या संयुक्त ऑक्साइडाचा पातळ थर करतो. तो ते उत्तम करतो. पण इंडियम हा दुर्मिळ धातू. तो मुख्यतः जस्ताच्या शुद्धीकरणात उपपदार्थ म्हणून हाती येतो. शिवाय हा थर ठिसूळ. सेंद्रिय घट शाईसारखा द्रव प्लास्टिकवर पसरून बनविता येतो, म्हणूनच त्याचे आकर्षण. ज्याला सतरंजीसारखे गुंडाळावयाचे, त्याला तडकणारे अस्तर कसे चालावे?

यावर एक उत्तर कार्बनाच्या सूक्ष्म नळ्यांनी सुचविले. जपानचे सुमिओ इजिमा यांनी 1991 साली त्यांच्याकडे जगाचे लक्ष वेधले. एकपदरी नळीचा व्यास सुमारे एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. खळ्यात विरळ पेंढा पसरावा तशा या नळ्या पसरल्या, की एकमेकींना टेकून त्या वीज वाहतात आणि त्या विरळ थरातून बराचसा प्रकाश खाली उतरतो. 2006 साली प्लास्टिकवरील अशा घटाची कार्यक्षमता अडीच टक्के भरली. काचेवरील इंडियमच्या घटाची सुमारे तीन टक्के होती.

मग अडले कोठे? सांध्यांशी. एका नळीवरून दुसरीवर जाताना विजेला अडथळा होतो. शिवाय नेहमीच्या मिश्रणात धातूसारख्या वाहक नळ्या सुमारे एक तृतीयांशच असतात. थर जाड करावा तर वीज सुखाने वाहते, पण ऊन अडते.

बंगळूरशी या कथेचे नाते जुने आहे. प्रा. सी. एन. आर. राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 नंतरच्या दशकात तेथे फेरोसीनची वाफ तापवून कार्बन-नळ्या तयार केल्या. पुढे जक्कूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात प्रा. गिरिधर कुलकर्णी यांच्या गटाने सांध्यांच्या प्रश्नाला निराळीच बगल दिली. उन्हाळ्यात आपल्या काळ्या रानाला भेगा पडतात, त्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. तशाच भेगा सुकणाऱ्या लेपाला पडू द्यावयाच्या, वरून धातू बसवावयाचा आणि लेप धुऊन टाकावयाचा. भेगांच्या जागी उरते ती धातूची अखंड जाळी! तिच्या तारा कार्बन-नळ्यांहून पुष्कळच जाड, तथापि त्यांत टेकलेले सांधे नाहीत. आणि विस्तीर्ण घरांमधून ऊन खाली उतरते.

प्रयोगशाळेत सेंद्रिय घटांनी आता 18 टक्क्यांची मर्यादा ओलांडली आहे. तरी ऊन, दमट हवा आणि प्राणवायू यांपुढे ते सिलिकॉनच्या तावदानाइतके टिकत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्या घराचे छप्पर जड काचेचा भार पेलू शकत नाही, त्या घरासाठी हलका, गुंडाळता येणारा सूर्यघट हवाच आहे. त्याचे वरचे अस्तर स्वस्त, लवचिक आणि टिकाऊ झाले, तरच तो त्या छपरापर्यंत पोहोचेल.