वॉरंट नको, पैसे मोजा

आज आधी एक कबुली देतो. पहिल्या नोकरीत मी एका ॲपमध्ये बाहेरच्या कंपनीचा लोकेशनवाला एसडीके जोडला होता. अर्ध्या दिवसाचं काम. युजरचं लोकेशन पुढे कुठे जातं, हे मी विचारलंच नाही. नंतर अमेरिकेतले खटले वाचत गेलो, तेव्हा कळलं की विचारायला हवं होतं.

अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ पासून चौथी दुरुस्ती आहे. सरकारने उगाच कुणाची झडती घ्यायची नाही; ठोस कारण हवं, आणि सहसा न्यायाधीशाचं वॉरंट. पण १९७९ मध्ये स्मिथ विरुद्ध मेरीलँड खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं, कुठले नंबर फिरवले हे तुम्ही स्वतःच फोन कंपनीला कळवता, मग ते खाजगी कसं? हा निकाल होता एका संशयिताच्या घरच्या फोनबद्दल.

आता बघा, त्याचं पुढे काय झालं. मार्च २०१३. सिनेटर रॉन वायडेन गुप्तचर प्रमुख जेम्स क्लॅपर यांना विचारतात, कोट्यवधी अमेरिकनांचा डेटा तुम्ही गोळा करता का? उत्तर येतं, नाही. जूनमध्ये एडवर्ड स्नोडेनने दिलेली कागदपत्रं छापून येतात. व्हेरायझनला गुप्त कोर्टाचा आदेश होता: ग्राहकांचे कॉल रेकॉर्ड रोज एनएसएला द्या. आणि बचावाला पुढे केला तोच १९७९ चा निकाल!

'पण बोलणं कुठे ऐकत होते?' असं कुणी म्हणेल. अहो, कॅन्सर हॉस्पिटल, मग बँक, मग वकील, मग रात्री दोनला बहीण. एवढे चार कॉल दिसले तर बोलणं ऐकायची गरज उरते का?

२०१५ मध्ये कायदा बदलून ही घाऊक वसुली थांबवली. २०१८ मध्ये कार्पेंटर खटला आला. पोलिसांनी वॉरंटशिवाय त्याच्या फोनच्या १२७ दिवसांच्या १२,८९८ लोकेशन नोंदी मिळवल्या होत्या, म्हणजे दिवसाला शंभरच्या वर. कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने सांगितलं, याला वॉरंट लागेल. कार्पेंटर काही साधुसंत नव्हता. दरोड्यांत दोषी ठरला होता, आणि या निकालानंतरही दोषीच राहिला. पण त्याच्यामुळे मिळालेलं संरक्षण सगळ्यांना लागू झालं.

इथे मला वाटलं, चला, प्रश्न मिटला. नाही मिटला. कंपनीकडून डेटा सक्तीने घ्यायचा तर वॉरंट. बाजारातून विकत घेतला तर? मग लागत नाही, असं सरकारी खाती म्हणतात. २०२० मध्ये बातमी आली, की नमाजाची वेळ सांगणाऱ्या ॲपमधलं लोकेशन दलालांमार्फत अमेरिकी लष्करापर्यंत पोचत होतं. जानेवारी २०२४ मध्ये वायडेन यांनीच उघड केलं, की एनएसए अमेरिकनांच्या इंटरनेट वापराच्या नोंदी विकत घेते. ही खरेदी रोखणारं विधेयक एप्रिल २०२४ मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर झालं, पण त्या सिनेटने ते मंजूर केलं नाही.

गुन्हेगार पकडू नका, असं माझं म्हणणं नाही. कारण सांगा, न्यायाधीशाची सही घ्या, मग पकडा. त्या सहीची जागा बिलाने घेतली, तर घटनेतला हक्क कागदावरच राहतो.

आणि तो बाजार भरतो कोण? माझ्यासारखे, न विचारता एसडीके जोडणारे. आता कोड रिव्ह्यूमध्ये मी पहिला प्रश्न हाच विचारतो: हे लोकेशन जातं कुठे? टीम वैतागते. वैतागू दे.

तुम्हीही आज सेटिंग्ज उघडून बघा, तुमचं लोकेशन कोणाकोणाला दिलंय. भेटू पुढच्या भागात!