हायब्रिड गाडीची बॅटरी खरंच गेली आहे का?



आपल्या उलव्यात आता हायब्रिड गाड्या बऱ्याच दिसतात. कोणी नवी घेतली, कोणी सेकंडहँड. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाल्यापासून मुंबईच्या फेऱ्याही वाढल्या आहेत. अशा वेळी गॅरेजमधून फोन येतो, "मॅडम, बॅटरी गेलीय, बदलावी लागेल." खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो, आणि घरात सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. म्हणून हो म्हणण्याआधी काय विचारायचं, ते आज सांगते.

पहिला प्रश्न: कुठली बॅटरी? हायब्रिडमध्ये दोन बॅटऱ्या असतात. एक आपली नेहमीची १२ व्होल्टची. दिवे, लॉक, गाडीतला कॉम्प्युटर तिच्यावर चालतात. दुसरी मोठी, ती गाडी ओढणाऱ्या मोटरला वीज देते. रिमोट चालत नाही, डॅशबोर्ड मंद पेटतो किंवा पेटतच नाही, गाडी गावाला जाताना दोन आठवडे बंद ठेवली होती, अशी लक्षणं असतील तर बहुधा छोटीच उतरलेली असते. ती काही हजारांत येते. मीटर लावून बघायला दोन मिनिटं लागतात. गाडी बंद असताना साडेबाराच्या आसपास आकडा आला तर ठीक, बाराच्या खाली गेला तर तिच्यावरच संशय घ्या.

मोठी बॅटरी थकली की वेगळं दिसतं. पडद्यावरच्या चार्जच्या पट्ट्या बघताबघता भरतात आणि तशाच झरझर उतरतात. इंजिन सिग्नललासुद्धा बंद होत नाही. ॲव्हरेज पडतं. मागून पंख्याचा मोठा आवाज येतो.

त्या पंख्याबद्दल जरा थांबून सांगते, कारण ही गोष्ट आपल्या हातातली आहे. बऱ्याच हायब्रिडमध्ये मोठी बॅटरी थंड ठेवायला गाडीच्या आतलीच हवा ओढली जाते. त्यासाठी मागच्या सीटजवळ एक जाळी असते. तुमच्या गाडीत ती नेमकी कुठे आहे ते पुस्तिकेत बघा. आपण काय करतो? तिच्यासमोर मुलांचं दप्तर, भाजीची पिशवी, सीटवर जाड कव्हर. त्यात उलव्याची धूळ! जिकडे बघावं तिकडे बांधकाम, डंपर. जाळी नि पंखा धुळीने बुजला की बॅटरी तापते, आणि तापलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. वर्षातून एकदा, पावसाळा संपला की, ती साफ करून घ्या. बॅटरी बदलण्यापुढे हा खर्च काहीच नाही.

आता आमच्या सोसायटीतल्या एका ताईंचं सांगते. त्यांच्याकडे जुनी कॅमरी हायब्रिड. ही गाडी भारतात २०१३ साली आली. ताई दर पंधरा दिवसांनी सासूबाईंना परळला तपासणीला नेतात, अटल सेतूवरून. धोक्याचा दिवा लागला. एका गॅरेजवाल्याने गाडी न तपासताच सांगितलं, "पूर्ण बॅटरी टाका." ताई म्हणाल्या, "आधी आकडे दाखवा." अगदी बरोबर मागणी!

कारण या बॅटरीच्या आत एकच मोठा डबा नसतो. त्या कॅमरीत ३४ मॉड्यूल आहेत, प्रत्येक ७.२ व्होल्टचं, सगळी एकापुढे एक जोडलेली. एकूण २४४.८ व्होल्ट. गाडीचा कॉम्प्युटर ती दोन-दोनच्या जोड्यांनी मोजतो, म्हणजे १७ आकडे. स्कॅनर लावून गाडी चालवली की हे आकडे समोर दिसतात. ‘पी०ए८०’ हा कोड आला म्हणजे कॉम्प्युटर बॅटरी बदला म्हणतोय, पण कोडवर थांबू नका. गाडी चढावर घ्यायला सांगा. जोर लागला की सगळ्या जोड्या थोड्या उतरतात, तेवढं चालतं. मात्र एखादी जोडी बाकीच्यांपेक्षा व्होल्टभर किंवा जास्त खाली जात असेल, तर दोष तिथे आहे. कधी नुसत्या जोडपट्ट्या गंजलेल्या निघतात. आपल्याकडची खाडीची दमट हवा त्याला हातभार लावते. पट्ट्या साफ केल्या तर काम भागतं.

ताईंच्या गाडीत दोन जोड्या खरंच खचल्या होत्या. मग दुसऱ्या गॅरेजने सुचवलं, तेवढीच चार मॉड्यूल बदलू, स्वस्तात होईल. होतं स्वस्तात. पण उरलेली तीसही त्याच वयाची असतात. नव्या-जुन्याचं जमत नाही, आणि काही महिन्यांत पुढची जोडी बसते. गाडी स्टेशनपर्यंतच न्यायची असेल तर चालवून घ्या एक वेळ. आजारी माणूस घेऊन सेतूवरून जायचं असेल तर माझ्या मते नाही. अशा बऱ्याच गाड्यांत इंजिन सुरू करायचं कामही मोठी बॅटरीच करते. ती बसली की धक्का मारून उपयोग नाही, आणि पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढूही नये. पूर्ण गाडी उचलून नेणारा ट्रक बोलवावा लागतो.

ताईंनी पूर्ण बॅटरी बदलली. आठ वर्षं उलटून गेल्याने वॉरंटी नव्हती. तुमची गाडी नवी असेल तर आधी कागद काढा. टोयोटा, मारुती, होंडा यांच्या अलीकडच्या पूर्ण हायब्रिड गाड्यांच्या या बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर अशी वॉरंटी मिळते. सेकंडहँड असेल तर ती तुम्हाला लागू आहे का, हे सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या.

बिल करताना बॅटरी कोरी आहे की दुरुस्त केलेली, ते बिलावर लिहून घ्या. बनण्याची तारीख बघा; कपाटात वर्षानुवर्षं पडलेली बॅटरी नवी म्हणून नको. पंखा साफ करून दिला का विचारा. काम झाल्यावर पुन्हा स्कॅनर लावून ते १७ आकडे दाखवायला सांगा, आणि फोटो काढून ठेवा.

एक मात्र कळकळीने सांगते. घरातल्या कुणालाही, भाऊ कितीही हुशार असो, ही बॅटरी उघडू देऊ नका. नारिंगी रंगाच्या जाड तारा दिसल्या की हात मागे. जाणकार मेकॅनिकसुद्धा आधी रबरी हातमोजे घालतो, सर्व्हिस प्लग काढतो, दहा मिनिटं थांबतो, मीटरने वीज नाही ना ते तपासतो आणि मगच स्क्रूला हात लावतो. तुमचा मेकॅनिक उघड्या हाताने सुरुवात करत असेल तर गाडी तिथून हलवा.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती परत घेऊन नीट विल्हेवाट लावणं ही बनवणाऱ्या कंपनीची जबाबदारी आहे. बदलून देणाऱ्याकडेच ती जमा करा आणि पावती मागा.

आणि मे महिन्यात गावी जाणार असाल तर किल्ली शेजारी देऊन जा. आठवड्यातून एकदा कोणीतरी गाडी मोकळ्या जागेत, बंद गॅरेजमध्ये नको, अर्धा तास ‘रेडी’ दिव्यावर चालू ठेवली, तर दोन्ही बॅटऱ्या चार्ज राहतील.